बिल आलं उणे ३१,४८०: गावच्या दूध डेअरीवर डेटाबेस शिकताना

सांगली जिल्ह्यातलं एक गाव, तिथलं दूध संकलन केंद्र, साठेक उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या आणि दर दहा दिवसाला बिल. केंद्र चालवणाऱ्या आबांचा पोरगा बीसीएसच्या (कॉम्प्युटर सायन्सची पदवी) दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला डीबीएमएस (डेटाबेस चालवण्याचा विषय) आणि पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) दोन्ही एकदमच आले, मग त्याला वाटलं की घरचंच काम डेटाबेसवर घेऊया, कॉलेजचा प्रोजेक्ट पण होईल आणि आबांची दर दहा दिवसांची रात्रीची जागरणं पण वाचतील. मी पुण्यात बॅकएंडचं काम करतो आणि लांबच्या नात्यात लागतो, त्यामुळे अडलं की "दादा, जरा बघता का" म्हणून फोन माझ्याकडे. हे प्रकरण लिहून ठेवतोय कारण नवीन पोरं डेटाबेसमध्ये जिथे जिथे अडकतात त्यातल्या बऱ्याचशा जागा ह्या एकाच कामात ओळीने आल्या, आणि गंमत म्हणजे त्यातली एकही जागा एसक्यूएलचं (डेटाबेसशी बोलायची भाषा) स्पेलिंग किंवा कॉमा चुकल्याची नव्हती (बरं, एक कॉमा होता, पण तो पायथनचा).

आधी डेअरीचं काम कसं चालतं ते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. माणूस कॅन घेऊन येतो, नंबर सांगतो, दूध मापतात, मशिनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढतात, दरपत्रकात बघून लिटरचा दर ठरतो. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरतात, म्हशीला ६ आणि ९, त्याच्या वर-खाली गेलं की दर पॉइंटप्रमाणे हलतो. दहा दिवसांचं सगळं दूध बेरीज करायचं, त्यातून पेंड, उचल, मिनरल मिक्स्चर असलं जे काही डेअरीतून नेलंय ते वजा करायचं, उरलेलं बिल. १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर असे तीन हप्ते, म्हणजे शेवटचा हप्ता फेब्रुवारीत ८ दिवसांचा आणि मार्चमध्ये ११ दिवसांचा.

हे सगळं एक्सेलमध्ये होतं. एका पाळीला एका माणसाची एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत नंबर, नाव, फोन, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम, आणि पुढे खाद्य १, खाद्य २, उचल असे कॉलम. तिसरं पोतं कुणी नेलं तर जागाच नाही, मग आबा त्या सेलवर कॉमेंट टाकायचे. एकाच माणसाचं नाव कुठे बाळासाहेब, कुठे बाळासो, कुठे नुसतं बाळू. फोन बदलला की पुढच्या ओळींत नवा, मागच्या ओळींत जुना. कॉलेजात नॉर्मलायझेशन (एक गोष्ट एकाच ठिकाणी राहील अशी टेबलं पाडणं) शिकवताना जी रटाळ उदाहरणं देतात ना, विद्यार्थी-शिक्षक-विषयवाली, त्यापेक्षा ही फाईल शंभर पटीने चांगली होती.

टेबलं पाडताना

पोराने पहिल्याच दिवशी तीन टेबलं करून फोटो पाठवला: सभासद, दूध, कपात. नावं बरोबर होती, कॉलम पण साधारण बरोबर. मी त्याला एकच काम दिलं, प्रत्येक टेबलाखाली साध्या मराठीत एक वाक्य लिही की ह्या टेबलातली एक ओळ म्हणजे नेमकं काय. त्याने दूध टेबलाखाली लिहिलं "दुधाची माहिती". म्हटलं हे नाही चालायचं, एक ओळ म्हणजे काय ते लिही. मग आलं "एका सभासदाने एका तारखेला एका पाळीत घातलेलं दूध". हे छान वाक्य आहे, ह्यातूनच युनिक (तीच ओळ परत येऊ नये ही अट) कुठल्या कॉलमांवर लावायचं ते आपोआप निघतं, सभासद, तारीख, पाळी, आणि एकाच पाळीची नोंद चुकून दोनदा मारली तर डेटाबेसच अडवतो.

तर त्याने तसं केलं, आणि संध्याकाळी आबा शेजारी बसून बघत होते ते म्हणाले, "आणि ज्येंच्याकडं गाय बी हाय आन् म्हस बी हाय, त्येंचं काय रं?" दोन कॅन, दोन फॅट, दोन दर, पाळी एकच. झालं, वाक्यात "एका प्रकारच्या जनावराचं" घालावं लागलं आणि युनिकमध्ये चौथा कॉलम आला. पुस्तकात हे कधीच सापडलं नसतं. स्कीमा (टेबलांचा आराखडा) काढताना ज्या माणसाने दहा वर्षं ते काम हाताने केलंय त्याला शेजारी बसवा, त्याला प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) म्हणजे काय ते माहीत नसलं तरी चालतं.

की वरून अजून एक. पोराने सभासद नंबरलाच प्रायमरी की केलं होतं, आधी तर फोन नंबरला केलं होतं पण दोन भाऊ एकच फोन देतात हे त्याला स्वतःलाच आठवलं. नंबर दिसायला योग्य वाटतो, पण डेअरीवर नंबर रिकामा झाला की दुसऱ्याला देतात. १४ नंबरच्या माणसाने जनावरं विकली, वर्षाच्या मधेच, आणि नंबर गावातल्या दुसऱ्याच माणसाला गेला. नंबरच की असता तर जुन्या माणसाचं सगळं दूध नव्याच्या नावावर दिसलं असतं. म्हणून आतली ओळख म्हणून वेगळा आयडी, जो कुणाला सांगायचा नाही आणि कधी परत वापरायचा नाही, आणि डेअरीचा नंबर हा नुसता एक कॉलम. पोराला हे जरा जास्तीचं वाटलं तेव्हा. असो, ते पुढे येईलच.

दराचं काय करायचं ह्यावर मात्र आमचा चांगला वाद झाला. तो कॉलेजातनं ताजं ताजं शिकून आलेला की एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवायची नाही, म्हणून त्याने दूध टेबलातून दर काढून टाकला आणि दरपत्रकाचं वेगळं टेबल केलं, बिल काढताना फॅट-एसएनएफ बघून तिथून दर उचलायचा. दिसायला एकदम स्वच्छ. पण दर बदलतात, आणि दर बदलल्यावर त्याने दरपत्रकातल्या ओळी अपडेट केल्या की मागच्या महिन्याची सगळी बिलं नव्या दराने निघणार, जी बिलं लोकांनी कधीच उचलून खर्च पण केलीत. ५ तारखेला सकाळी ह्या दुधाला ३२ रुपये दर दिला ही त्या सकाळची घडलेली गोष्ट आहे, ती दूध टेबलातच राहायला पाहिजे, दरपत्रकातल्या आकड्याशी ती आज जुळते म्हणून ती डुप्लिकेट होत नाही. सभासदाचा फोन मात्र दूध टेबलात नको, कारण आपल्याला कायम आत्ताचाच फोन हवा असतो. दरपत्रकाला "कधीपासून लागू" अशी तारीख लावून पण हे सोडवता येतं, मोठ्या सिस्टीममध्ये दोन्ही करतात, पण शिकणाऱ्या पोराने नोंद करतानाच दर ओळीत लिहून मोकळं व्हावं असं माझं मत.

पायथनची गडबड, थोडक्यात

डेटाबेस एसक्यूलाइट निवडला, कारण वेगळा सर्व्हर नको, एक फाईल, पायथनसोबतच येतो. पहिल्या संध्याकाळी पूर्ण पाळीच्या नोंदी मारल्या, स्क्रीनवर सगळं दिसलं, प्रोग्रॅम बंद करून परत उघडला तर टेबल रिकामं. कमिट, म्हणजे बदल कायमचे पक्के करणं, ते नव्हतं केलं. पायथनचं मॉड्यूल इन्सर्टच्या आधी आपणहून ट्रान्झॅक्शन (एकदम पक्क्या किंवा एकदम रद्द होणाऱ्या बदलांचा गठ्ठा) उघडतं आणि तुम्ही कमिट न करता कनेक्शन बंद केलं की सगळं मागे जातं, आणि त्याच कनेक्शनमधून वाचलं तर मात्र सगळं जागेवर दिसत असतं, म्हणून नवीन माणसाचा विश्वासच बसत नाही. आबांनी वही पण लिहिली होती म्हणून निभावलं.

मग तो कॉमा. क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या हुकमात) प्रश्नचिन्ह ठेवून सभासद नंबर वेगळा द्यायचा हे त्याने बरोबर केलं होतं (नाव-नंबर थेट स्ट्रिंगमध्ये (मजकुरात) चिकटवू नका, हे एवढं तरी पहिल्या दिवसापासून पाळा), पण कंसात एकटा नंबर दिला, त्यापुढे कॉमा नाही, म्हणजे तो टपल (पायथनची कंसातली यादी) होतच नाही, नुसती स्ट्रिंग राहते. पायथनला २७ ही दोन अक्षरांची यादी दिसते, तो म्हणतो एक पाहिजे होतं आणि दोन दिलेत. मजा म्हणजे १ ते ९ नंबरचे सभासद व्यवस्थित चालत होते, १० पासून पुढे सगळे बंद, आणि पोरगा अर्धा दिवस डेटात काय बिघडलंय ते शोधत बसला.

ह्याच्यापेक्षा गंभीर प्रकार लिटरमध्ये झाला. फोनवरून नोंद करायला त्याने छोटं वेब पान केलं होतं, आबांच्या फोनवर मराठी कीबोर्ड, त्यांनी साडेसहा लिटर मराठी आकड्यांत मारले. एसक्यूलाइटमध्ये कॉलमचा टाइप हा बराचसा सल्ल्यासारखा असतो, आकडा म्हणून वाचता आलं तर आकडा, नाहीतर मजकूर म्हणून गपचूप ठेवून देतो, आणि मराठी आकडे त्याला वाचता येत नाहीत. मग बेरीज करताना तो मजकूर शून्य धरतो. एरर नाही, काही नाही, साडेसहा लिटर दूध शून्य. पोराने लिटर शून्यापेक्षा जास्त असलंच पाहिजे अशी चेक अट टाकली होती, ती पण पास झाली, कारण एसक्यूलाइटच्या तुलनेत मजकूर हा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठाच धरला जातो! उपाय दोन, आणि दोन्ही केले. एक म्हणजे आत टाकायच्या आधी पायथनच्या फ्लोटमधून (मजकुराचा दशांश आकडा करणारं फंक्शन) काढायचं, पायथनला मराठी आकडे बरोबर कळतात, हे मला पण आवडलं. दुसरं म्हणजे टेबल स्ट्रिक्ट करायचं, ही सोय २०२१ मध्ये ३.३७ व्हर्जनला आली, मग चुकीचा टाइप सरळ नाकारला जातो.

आणि फॉरेन की, म्हणजे दुधाच्या ओळीतला सभासद खरंच सभासद टेबलात आहे का ही तपासणी. २७ च्या जागी कुणीतरी २०७ मारलं, तसा सभासदच नाही, तरी नोंद गेली. पोरगा म्हणाला दादा मी रेफरन्सेस लिहिलंय की टेबलात. लिहिलेलं होतं पण एसक्यूलाइट फॉरेन की तपासायचं काम मुळात बंद ठेवतो, जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून, प्रत्येक कनेक्शन उघडलं की प्राग्माने (एसक्यूलाइटची सेटिंगची आज्ञा) ते चालू करावं लागतं. एकदा करून भागत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये पोस्टग्रेस (दुसरा एक डेटाबेस) होतं, तिथे हे आपोआप होतं, त्यामुळे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

आता मुख्य भानगड

बिलाचा त्याचा पहिला प्रोग्रॅम साधा होता. पायथनमध्ये लूप, प्रत्येक सभासदासाठी एक क्वेरी दुधाची बेरीज आणायला, दुसरी कपातीची बेरीज आणायला, वजाबाकी पायथनमध्ये. एक अख्खा हप्ता ह्याच्यावर निघाला, बिलं आबांच्या वहीशी पैशापर्यंत जुळली. मग कॉलेजात प्रोजेक्टचा आढावा झाला आणि तिथे कुणीतरी म्हणालं की लूपमध्ये क्वेरी मारणं चुकीचं, जॉइन (एकाच क्वेरीत टेबलं जोडणं) वापर. आता हे तत्त्वतः बरोबर आहे, सर्व्हर लांब असेल आणि सभासद लाखभर असतील तर लूप मारून चालणारच नाही, पण साठ सभासद आणि त्याच मशिनवरची फाईल ह्याला लूपने काय फरक पडतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. पण पोराला वाटलं आपलं काम बाळबोध दिसतंय, आणि त्याने एकच मोठी क्वेरी लिहिली: सभासद जॉइन दूध जॉइन कपात, तिन्ही सभासद आयडीवर जोडलेले, दोन्हीकडे तारखा त्या दहा दिवसांतल्या, ग्रुप बाय सभासद (म्हणजे सभासदाप्रमाणे गट), आणि सिलेक्टमध्ये दुधाच्या रकमेची सम (बेरीज) वजा कपातीची सम.

क्वेरी वाचायला एकदम सुंदर, मराठीत मोठ्याने वाचली तर वाटतं हेच तर पाहिजे होतं. प्रिंट काढली आणि २७ नंबरचं बिल आलं उणे ३१,४८० रुपये.

आबांनी कागद धरला आणि म्हणाले, "आता मान्साकडनंच पैसं घ्यायचं व्हय रं? दूध घालूनशान?"

रात्री फोन आला. मी म्हटलं सम काढून टाक, ग्रुप बाय काढून टाक, फक्त २७ नंबरच्या जोडलेल्या ओळी जशाच्या तशा दाखव. ही सवय लावून घ्या, बेरीज चुकली की आधी बेरीज कशाची होतेय ते उघडून बघायचं. त्याच्या पहिल्या काही ओळी अशा होत्या:

१ तारीख, सकाळ, दूध १९२ | कपात: उचल ५००
१ तारीख, सकाळ, दूध १९२ | कपात: पेंड १,४५०
१ तारीख, सकाळ, दूध १९२ | कपात: मिनरल २००
१ तारीख, संध्याकाळ, दूध १८६ | कपात: उचल ५००
१ तारीख, संध्याकाळ, दूध १८६ | कपात: पेंड १,४५०
१ तारीख, संध्याकाळ, दूध १८६ | कपात: मिनरल २००

आणि असंच खाली खाली, एकूण ६० ओळी. दहा दिवस, वीस पाळ्या, वीस दुधाच्या ओळी, तीन कपातीच्या, प्रत्येक दुधाला प्रत्येक कपात चिकटली. खरं दूध ३,८४० रुपयांचं, ते तीन वेळा मोजलं गेलं म्हणजे ११,५२०. खरी कपात २,१५०, ती वीस वेळा मोजली गेली म्हणजे ४३,०००. वजाबाकी केली की तेच ते उणे ३१,४८०. खरं बिल १,६९० रुपये.

मी विचारलं, आता ह्या जोडलेल्या टेबलाखाली वाक्य लिही, ह्यातली एक ओळ म्हणजे काय? तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला, "दादा, ह्याचं वाक्यच होईना." बरोबर आहे, होणारच नाही. "एका पाळीचं दूध आणि त्या माणसाची त्या दहा दिवसांतली कुठलीतरी एक कपात" अशी कुठली गोष्ट डेअरीवर घडतच नाही. १ तारखेच्या सकाळच्या दुधाचा आणि पेंडेच्या पोत्याचा एकमेकांशी संबंध नाही, दोघांचा संबंध माणसाशी आहे. जॉइनला हे कळायचा काही मार्ग नाही, तुम्ही सांगितलं आयडी सारखा दिसला की जोड, त्याने जोडलं. एडगर कॉडने आयबीएममध्ये असताना १९७० साली रिलेशनल मॉडेलचा पेपर लिहिला तेव्हा मुद्दाच हा होता की डेटा आत कसा रचलाय ते वापरणाऱ्याला माहीत असायची गरज नको, टेबलांचं नातं ओळींतल्या किमतींवरून (म्हणजे कॉलमात जे लिहिलंय त्यावरून) लागावं. ते फार सोयीचं आहे, आणि त्याची दुसरी बाजू ही की किंमत जुळली की ओळ जुळते, मग त्या जुळण्याला अर्थ असो की नसो.

डिस्टिंक्टचा घोळ

एवढं कळल्यावर मी म्हटलं उद्या बसू, पण पोरगा उत्साही, त्याने रात्रीच नेटवर शोधलं. ओळी डबल येतायत असं शोधलं की दहातले नऊ जण डिस्टिंक्ट (सारखी किंमत एकदाच धरणं) सुचवतात. त्याने दोन्ही समच्या आत डिस्टिंक्ट टाकलं आणि आकडे एकदम माणसात आले. २७ नंबरचं बिल १,४९८. उणे नाही, दहा हजारांत नाही, बघायला अगदी बिलासारखं बिल. सकाळी प्रिंट काढून वाटून मोकळा.

माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात धोक्याची जागा हीच. उणे ३१,४८० कुणीही पकडतं. १,४९८ कोण पकडणार? २७ नंबरवाल्यांनीच पकडलं, कारण त्यांच्या घरात बाई रोजच्या रोज दूध कार्डावर रक्कम लिहून ठेवतात, त्या स्वतः आल्या, "दोन रोज १९२ झाल्तं बघा, तुमी एकच धरलंय." बरोबर १९२ चा फरक. ६ लिटर, ३२ चा दर, असं त्या दहा दिवसांत दोन वेगवेगळ्या सकाळी झालं होतं, आणि डिस्टिंक्टच्या हिशोबाने १९२ म्हणजे १९२, एकदाच. त्याला पाळ्या दिसत नाहीत, फक्त किमती दिसतात. उलट बाजूने पण झालं, एका माणसाने १,४५० ची दोन पोती नेली होती, त्याचं एकच वजा झालं, तो अर्थातच काही बोलायला आला नाही.

शिवाय बारा-पंधरा लोकांची बिलंच निघाली नव्हती. ज्यांनी त्या हप्त्यात काहीच नेलं नव्हतं, ना पेंड ना उचल, त्यांची कपातीत ओळच नाही, आणि साधा जॉइन दोन्हीकडे जुळलं तरच ओळ ठेवतो. म्हणजे जो सगळ्यात सरळ गिऱ्हाईक, उधारी न करणारा, त्यालाच बिल नाही. मग त्याने लेफ्ट जॉइन (डावीकडची ओळ जुळली नाही तरी ठेवणारा) केला, नावं आली पण बिलाची रक्कम कोरी, कारण कपातीची बेरीज नल, आणि ३,००० वजा नल हे ३,००० होत नाही, नलच होतं. नल म्हणजे शून्य नाही, माहीत नाही, आणि माहीत नसलेलं वजा केलं की उत्तर पण माहीत नाही. कोअलेसने नलच्या जागी शून्य घातलं की सुटतं. पण हे ठिगळांवर ठिगळं चाललं होतं, मूळ क्वेरीच उकलायला हवी होती.

मग उकलली. आधी एकटं दूध घ्यायचं, त्या दहा दिवसांचं, सभासदाप्रमाणे ग्रुप करून बेरीज. ह्याला विथ लावून नाव दिलं दूध_बेरीज. ह्यातली एक ओळ म्हणजे एका सभासदाचं एका हप्त्यातलं एकूण दूध, वाक्य होतंय. मग एकटी कपात, तशीच बेरीज, एक ओळ म्हणजे एका सभासदाची एका हप्त्यातली एकूण कपात, ह्याचं पण वाक्य होतंय. आता सभासद टेबलापासून सुरुवात करून दोन्हींना लेफ्ट जॉइन, दोन्हीकडे एका माणसाची जास्तीत जास्त एकच ओळ, त्यामुळे एकाला एक चिकटणार, गुणाकार व्हायला जागाच नाही. शेवटी कोअलेस आणि वजाबाकी. २७ नंबर १,६९०. डिस्टिंक्ट कुठेच नाही.

नीट बघितलं तर हे त्याच्या जुन्या लूपचंच रूप आहे: दूध वेगळं बेरीज करा, कपात वेगळी बेरीज करा, मग भेटवा. लूपमध्ये हे चुकणं शक्यच नव्हतं कारण दोन क्वेऱ्या वेगळ्या होत्या. म्हणून मी त्याला लूपचा प्रोग्रॅम डिलीट करू दिला नाही, तो आता तपासणीला आहे, नवीन क्वेरीची बिलं आणि लूपची बिलं शेजारी शेजारी काढायची आणि फरक असलेला सभासद फक्त छापायचा. अजून एक साधी तपासणी लावली, दूध टेबलातली त्या हप्त्याची सरसकट बेरीज आणि सगळ्या बिलांतल्या दुधाची बेरीज, दोन्ही सारख्या आल्या पाहिजेत. पहिल्यांदा लावली तेव्हा नाही आल्या, आणि त्यातूनच तो वरचा २०७ नंबर सापडला, दूध आहे पण बिल कुणाच्याच नावावर नाही. फॉरेन कीची गोष्ट खरं तर इथे उघडकीला आली, मी वर आधी सांगून टाकली.

तारखांचं पण ह्याच तपासणीत निघालं. सुरुवातीच्या नोंदी त्याने दिवस, महिना, वर्ष अशा क्रमाने मजकूर म्हणून ठेवल्या होत्या, एसक्यूलाइटला तारखेचा वेगळा टाइप नाही. मजकूर डावीकडून अक्षर अक्षर तुलना होतो, त्यामुळे "१ मार्च ते १० मार्च" मागितलं की ५ फेब्रुवारी पण त्यात बसते, कारण आधी दिवसच बघितला जातो. पहिला महिना सगळं नीट चाललं कारण दुसरा महिनाच नव्हता! वर्ष, महिना, दिवस असा क्रम आणि एक अंकी आकड्यांना पुढे शून्य, एवढं केलं की तुलना बरोबर होते.

बिलाच्या कागदावर त्याने दर पण छापला होता, ग्रुप बाय सभासद करून सोबत दर कॉलम. दहा दिवसांत वीस दर असू शकतात, मग कुठला छापायचा? एसक्यूलाइट विचारत नाही, त्यातला कुठला तरी एक उचलतो. पोस्टग्रेसने सरळ एरर दिली असती. सरासरी छापायचं ठरलं, एकूण रक्कम भागिले एकूण लिटर, नुसत्या दरांची सरासरी नाही, कारण ४ लिटरच्या आणि ९ लिटरच्या पाळीचं वजन सारखं धरून कसं चालेल.

सध्याची स्थिती

दिवाळीला डेअरी फरक देते, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावर लिटरमागे काही पैसे जास्तीचे. एक्सेलच्या काळात ह्याला आबांना चार-पाच रात्री लागायच्या, फायली महिन्याप्रमाणे वेगळ्या. ह्या वेळी लिटरमागे ५० पैसे ठरला आणि पोराने क्वेरी स्वतः लिहिली, मला नुसती बघायला पाठवली, वर कॉमेंटमध्ये मराठीत वाक्य लिहिलेलं: एक ओळ म्हणजे एका माणसाचा एका वर्षाचा फरक. माणसाचा, नंबरचा नाही. ग्रुप बाय आयडीवर होतं, नंबरवर नव्हतं, म्हणून १४ नंबरच्या दोन ओळी आल्या, जनावरं विकून गेलेल्याचे ९१० लिटर, त्याचे ४५५ रुपये, आणि नंतर आलेल्याचे १,२४० लिटर, त्याचे ६२०. आबा यादी वाचत होते, १४ दोनदा बघून थांबले, मग पहिल्याचं नाव वाचलं आणि पोराला म्हणाले, त्येला फोन लाव, त्यो काय आता डेअरीवर येत न्हाई.